वाटणीत आलेलं इंजिन

नोकरीतले मोठमोठे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत, पण एका जुन्या इंजिनाची चोरी मला अजून जशीच्या तशी आठवते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. कामठ्याकडचा एक शेतकरी लग्नाहून परतला आणि गोठ्यातलं इंजिन जागेवर नाही हे पाहून घरात कोणाला न विचारता तसाच तणतणत ठाण्यात आला. संशय सख्ख्या मोठ्या भावावर होता.

यांच्या वडिलांची जीप कचारगडच्या यात्रेला माणसं न्यायची. तिच्यासाठी म्हाताऱ्याने तसलंच एक जुनं इंजिन घेऊन ठेवलं होतं. वाटणीत जीप थोरल्याला गेली आणि जादा इंजिन धाकट्याला. पुढे जीपचं इंजिन जाम झालं. आता एकाकडे इंजिनाविना गाडी, दुसऱ्याकडे गाडीविना इंजिन आणि दोघांत अबोला. असले शहाणे मी दुसरे पाहिले नाहीत.

एकदा गुन्हा नोंदवला की भाऊ आरोपी होणार आणि ते घर कायमचं फाटणार, हे दिसत होतं. म्हणून स्टेशन डायरीला नोंद घेऊन मी आधी थोरल्याला बोलावलं आणि चांगलं दरडावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मी नाई नेलं, सायब. पण लहाना म्हणते त् लिवा मायं नाव. त्याले खोटं बोलता येत नाई."

चोर असं बोलत नाही. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली. मी त्याला चहा मागवला.

तेवढ्यात बीट हवालदार खबर घेऊन आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक इंजिन गोंदियाच्या गॅरेजात गेलं होतं, सोबत दोन बाया होत्या. दोन्ही भावांना घेऊन आम्ही तिथे गेलो. मिस्त्री म्हणाला, "साहब, चोरी का माल नहीं है. दोनों पूछ रही थीं, बनने लायक है क्या." बाया म्हणजे या दोघांच्याच बायका. अबोला भावांचा होता, जावांचा नव्हता. त्यांना बोलावलं, तर धाकटीने सरळच सांगितलं, "हे दोघं बोलत नाई, त् आमी काय गाडी सडू द्याची? बनत असन त् मंग सांगू म्हटलं."

मिस्त्रीने इंजिन उघडून ठेवलंच होतं. खालचा भाग उत्तम, पण वरच्या हेडला तडा गेलेला. नवं हेड टाकून दुरुस्ती करणं परवडणारं नव्हतं. थोरला पुटपुटला, "मायं हेड चांगलं हाये. खालचंच गेलं."

धाकट्याने वाकून हेडवरचा तडा बोटाने चाचपून पाहिला. मग थोरल्याकडे वळून त्याने विचारलं, "दादा, हेड काढाले किती वेळ लागन?"

"तू आला त् आत्ताच काढू."

तक्रार धाकट्याने तिथेच मागे घेतली. तपास म्हणजे कोणी नेलं हे शोधणं, अशी माझी समजूत होती. कोणासाठी नेलं, हेही विचारावं लागतं, हे मी त्या गॅरेजात शिकलो. त्यानंतर भावाभावांची तक्रार आली की मी आधी जावांना बोलावत असे.