आबांची उठबस

देवाला पुढं घालून आपलंच घोडं दामटू नये, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, तेही फार जड जाऊन. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयाची झडप आकसली होती. दौंडचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण ते सोसायची ताकद अंगात आहे का, हे आधी मोजावं लागेल. कसं मोजतात ते मी बाहेर बसलेल्या एकाकडून काढून घेतलं. आखलेलं अंतर चालायचं, मुठीत यंत्र दाबायचं आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं.

मग काय, मी हट्टालाच पेटलो. इनामगावच्या आमच्या अंगणात भंडाऱ्यानं रेघ ओढली, बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हटलं आणि मोबाईलवर वेळ लावून आबांना चालवायला लागलो. कंपनीत दिवसभर मोजमापच करतो, तेच घरी आणलं. उमेदीत मेंढरांमागं सारा मुलूख तुडवलेला हा माणूस, पण खुर्चीतून उठताना ओठ निळे पडायचे. आई म्हणायची, "आरं, जीव घेतो का त्यांचा?" मी तिच्यावरच खेकसायचो. पंधरा दिवस सरावाच्या वेळी कुणाला त्यांना हात देऊ दिला नाही. आबा जातील या भीतीनं मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

तपासणीला मूठ तर त्यांनी अशी आवळली, की तपासणाऱ्या शमीमताई हसल्या. चाललेही झपाझप. खुर्चीतून तीनदा उठले आणि चौथ्यांदा तोंड राखेसारखं झालं. मी दारातून ओरडलो, "आबा, आजून दोनच!" ताईंनी घड्याळ बंद केलं, त्यांच्यासमोर खाली बसल्या. "आबा, घरी कसं उठता तुम्ही?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "खरं सांगू का ताई? दिवाळीपासनं कुणी धरल्याबिगर उठवत न्हाई. पोरानं शिकवलं, म्हून केलं."

"बरं झालं सांगितलंत. चुकीचं लिहिलं गेलं आसतं, तर ऑपरेशनच्या टेबलावरच काय झालं आसतं सांगता येत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला, गोळ्या लिहून दिल्या. परतताना मी मनातल्या मनात बिरोबाला वाट्टेल ते बोललो. आबा मात्र माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाले, "सुटलो बाबा." आणि गाडीत गाढ झोपले. कित्येक दिवसांत त्यांना अशी झोप लागली नव्हती.

त्यानंतर ते दोन महिने होते. धाप वाढली, पाय सुजले, सोपं काहीच नव्हतं. आई म्हणते, त्या बाईच्या रूपानं देव आला. मला तेवढं कळत नाही. पण त्या ताईंनी विचारलं नसतं, तर मी माझ्या बापाला माझ्याच हातानं टेबलावर नेऊन ठेवलं असतं. ते दोन महिने मला मिळाले, याचे उपकार मी कुणाचे मानू?

शेवटच्या सकाळी म्हणाले, उन्हात बसव. मी दोन्ही हातांवर उचललं. "जड झालो का रं?" त्यांनी विचारलं. "न्हाई आबा," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. अंगात काही उरलंच नव्हतं. ओट्यावर टेकवलं, तशी त्यांची मान माझ्या छातीवर आली. त्या वेळी मी देवाकडं काहीच मागितलं नाही. नुसता त्यांना धरून बसलो.