बारा पासपोर्ट, एक पिशवी

मी पासपोर्ट पहिल्यांदा हातात घेतला तो दुसऱ्यांचा. किनवटकडच्या बारा माणसांचे बारा, कोरे करकरीत. ही माणसं रेल्वेचे रूळ जोडायला परदेशी निघाली होती आणि त्यांची कागदपत्रं बघणं माझं काम होतं. लातुरात डाळमिलच्या वरच्या मजल्यावर आमच्या मालकांचं ऑफिस. लोह्याजवळच्या खेड्यातल्या माझ्यासारख्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला त्यांनी टेबल-खुर्ची दिली, हे मी आजही विसरलेलो नाही.

तसं काम आमचं नव्हतंच. त्या देशाच्या रेल्वेनं ते आपल्याकडच्या एका मोठ्या कंपनीला दिलेलं, तिनं हैदराबादच्या एका कंपनीला, तिनं आमच्या मालकांना आणि मालकांनी त्या बारा जणांतल्याच मुकादमाला. वरच्या दोन पायऱ्यांवर करार होता. खालच्या दोन नुसत्या शब्दावर. लेखी परवानगीशिवाय काम पुढे द्यायचं नाही, असं करारात स्पष्ट लिहिलं होतं. ते कलम मी वाचलं होतं. मालकांना दाखवलं तर म्हणाले, "अरे, सगळेच करायलेत." मी फाइल मिटून ठेवली.

निघायच्या दिवशी नांदेड स्टेशनवर मी मुकादमाला म्हणालो, "मामा, सगळ्यांचे पासपोर्ट तुमच्यापाशीच ठेवा. एका पिशवीत. ही पोरं हरवतील." आमच्या गावातून टोळी कामाला निघाली की सगळ्यांचं आधार, पासबुक मुकादमाच्याच पिशवीत जातं. त्यात काही वावगं आहे, असं मनातही आलं नाही.

दोन महिन्यांनी टोळीतल्या एकाचा फोन आला. "सर, मामाला पोलिसानं नेलं."

तिथले कामगार अधिकारी तपासणीला आले होते. बारा जणांचे पासपोर्ट एकाच माणसापाशी सापडले. त्यांच्या लेखी हे माणसं डांबून ठेवण्यासारखं. तिथल्या पेपरात बातमी आली. रेल्वेमार्ग आपल्या सरकारच्या कर्जातून होत होता, म्हणून प्रकरण आपल्या दूतावासात गेलं. दूतावासानं एकच विचारलं, ही माणसं कुणाची?

मोठी कंपनी म्हणाली, आमची नाहीत. हैदराबादनं तेच सांगितलं. वर आम्हाला निरोप दिला, मुकादमानं आपल्या मनानं माणसं आणली आणि पासपोर्ट काढून घेतले, असं लिहून द्या.

"लिही," मालक म्हणाले.

"मालक, पिशवीत ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं."

"कुणी ऐकलंय?"

"अकरा जणांनी."

"लई शिकला रे तू!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बिनपरवाना काम घेतलं हे आपल्याच सहीनं कळलं, तर हैदराबादचं जाईल, आपलं जाईल. पुन्हा कुणी दारात उभं करणार न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते. मी बाहेर पडलो, गंजगोलाईच्या बाजारात दोन चकरा मारल्या, चहा घेतला आणि तसाच ठेवला. तेवढ्यात मुकादमाच्या बायकोचा फोन आला.

"सर, त्यायनं काय केलं? चोरी केली का?"

"नाही मामी."

"मंग?"

मी फोन ठेवला आणि चहाचे पैसे दिले.

ऑफिसात परत येऊन दूतावासाच्या नावे पत्र टाइप केलं. काम कुणाकडून कुणाकडे आलं आणि पासपोर्ट एकत्र ठेवायला कुणी सांगितलं, सगळं लिहिलं. मालकांनी दोनदा वाचलं. "हे ऑफिसच्या कागदावर जाणार न्हाई."

"मग माझ्या नावानं पाठवतो."

"पाठव. अन् उद्यापासून येऊ नको."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नऊ दिवसांनी मुकादम सुटला. पण पत्रामुळे पोटठेका उघडा पडला. हैदराबादचं काम गेलं, आमचं गेलं आणि बाराही जणांना परत पाठवलं. मी नांदेडला घ्यायला गेलो. मुकादम गाडीतून उतरला. मागे अकरा जण आपापल्या बॅगा धरून उभे.

"खरं लिवलं म्हनं तुमी."

"हाव मामा."

"मंग आमाला कामून परत धाडलं?"

मी परवानगीचं, कलमाचं सांगायला लागलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल. आता दुसरं काम तुमीच बघा."

राग होता की विश्वास, मला कळलं नाही. आता मी नांदेडला दुसऱ्या ठिकाणी नोकरी करतो. आतापर्यंत पाच जणांना काम लागलं. बाकीच्यांपैकी कुणाचा ना कुणाचा रोज फोन येतो. बहुतेक वेळा सांगायला नवं काम नसतं. तरी उचलतो.