शेवटी उतरायचा मान

रॅपलिंग म्हणजे दोरावरून कडा उतरणं, एवढं आता कुणीही सांगतं. मला त्या शब्दाचा खरा अर्थ आमच्या दादानं सांगितला, ऐंशीच्या दशकात, बोरीवलीच्या गॅलरीत दोर वाळत घालता घालता. शब्द फ्रेंच, अर्थ परत बोलावणं. तिकडच्या बर्फाळ डोंगरांत एक कडा उतरल्यावर दोर वरच राहिला, तर पुढच्या कड्याला काय वापरणार? म्हणून दोर झाडामागून घालून दुहेरी सोडायचा, दोन्ही पदर धरून उतरायचं आणि खाली पोचलं की एक पदर ओढायचा. दुसरा वर जातो, झाडाला वळसा घालतो आणि अख्खा दोर खाली येतो. परत बोलावतात ते दोराला, असं दादा म्हणाला. हिमालयातला कोर्स करून आल्यापासून त्याला दुसरा विषय नव्हता, आणि मला दादापुढे दुसरं कुणी दिसत नव्हतं.

रविवारी तो आणि त्याच्या मरोळच्या कंपनीतली मुलं नॅशनल पार्कातल्या एका कड्यावर सराव करायची. मी बरोबर जायचे ती डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. लहानशा दगडावरून उतरायला दादानं मला शिकवलं होतं, पण मला तो मोठा कडा उतरायचा होता. आईचं म्हणणं, स्थळं बघतोय, आता हातपाय मोडून घेऊ नकोस. यावरून घरात महिनोन् महिने धुसफूस चालली. मग एका शनिवारी आई अचानक गप्प झाली. दादा म्हणाला, मी पटवलंय तिला, उद्या तू उतरायचंस, आणि तेही शेवटी.

शेवटी उतरणं हा आमच्या ग्रुपात मान होता. वर मागे कुणी उरत नाही, दोर नीट बसलाय का हे एकट्यानं बघायचं असतं, म्हणून सगळ्यात भरवशाचा माणूस शेवटी ठेवत. पहिल्यांदा मोठा कडा उतरणारीला हा मान कशाला, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मी मात्र हवेत होते.

एकेक जण उतरत गेला. एरवी जाताना प्रत्येक जण काहीतरी चेष्टा करायचा, त्या दिवशी कुणी केली नाही. दादा माझ्या आधी उतरला. मी कमरेचा पट्टा आवळला, झाडाजवळ गेले आणि दोर हातात घेणार तोच तो हलला. मला वाटलं, दादा खालून ताण बघतोय. पण एक पदर सरसर वर येत होता आणि दुसरा खाली चालला होता. मी नुसती बघत राहिले. टोक झाडाला वळसा घालून माझ्यासमोरून गेलं आणि कड्याखाली दिसेनासं झालं.

खालून दादाचा आवाज आला, "पायवाटेनं ये गं. डबे तेवढे घेऊन ये."

डबे घेऊन मी पायवाटेनं उतरले. वाटभर रडले, आणि रडतेय याचा आणखी संताप आला. खाली सगळे दोर गुंडाळण्यात फारच गुंतले होते. कुणी वर बघेना, तेव्हा कळलं की माझ्याखेरीज हे सगळ्यांना माहीत होतं. आईला काही पटलं नव्हतंच. हिला उतरू देणार नाही, असं तिला सांगून दादानं तिला गप्प केलं होतं, आणि मला गप्प करायला हा मान दिला होता.

"आईला शब्द दिला होता गं," तो म्हणाला. "मोडणार कसा?"

"मलापण दिला होतास ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तो काय शब्द झाला?" तो म्हणाला आणि डबा उघडून जेवायला बसला.