रेडिओवर नवऱ्याची निधनवार्ता

आमचे मालक ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते, आणि रेडिओवर मी सांगत होते की त्यांचं आज पहाटे वृद्धापकाळानं निधन झालं. आवाज माझाच. मी दारात उभी, हातात चहाची गाळणी. मालकांनी बशी खाली ठेवली नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सोसायटीचं बराबर आलं."

मग फोन वाजायला लागले.

हे रेडिओ स्टेशन आमच्या गावाबाहेर, एका संस्थेच्या आवारात दोन खोल्यांत होतं. एका खोलीत माईक, दुसरीत कॉम्प्युटर. शेवगावकडं निघालं की अर्ध्या वाटेत आवाज खरखरायला लागायचा. सुरुवातीला साहेब लोकांनी माती तपासा, पाणी अडवा असं सांगून पाहिलं. कुणी ऐकेना. मग बचत गटातून मला उचललं, कारण माझा आवाज मोठा, आणि चौथीपर्यंत शाळा झाल्यामुळं लिहिलेलं वाचता येई. मी कांद्याचे भाव वाचले, लोणची सांगितली. पण स्टेशन खरं उभं राहिलं ते निधनवार्तांवर. सकाळी आठला कोण गेलं, अंत्यविधी कुठं, दहावा कधी. तेवढा वेळ धार काढणाऱ्याचाही हात थांबायचा. लोकांचं सगळं लक्ष 'पश्चात' या शब्दापुढं. कुठली सून राहिली, कुठल्या जावयाला आधी घेतलं, यावर दिवसभर चर्चा. एक बाई तर सासऱ्याची राख निवायच्या आत माझ्याकडं भांडायला आली, की तिच्या नवऱ्याला मी नुसताच मुलगा म्हटलं, ग्रामपंचायत सदस्य म्हटलं नाही.

गावातल्या एका माजी चेअरमनची वार्ता मी वाचली. ती चांगली लांबली. तेव्हापासून मालकांना चैन नव्हतं. स्वतःची वार्ता स्वतःला ऐकायला मिळत नाही, ही त्यांची खरी अडचण. एक दिवस ते माझ्याबरोबर स्टेशनवर आले आणि खिशातून कागद काढून माझ्यापुढं ठेवला. विकास सोसायटीचे माजी संचालक, म्हणजे अकरा महिने. भजनी मंडळाचे आधारस्तंभ, म्हणजे टाळ कधी वेळेवर पडला नाही. पश्चात पत्नी, दोन मुलं, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडं. भाऊ नव्हता.

भाऊ होता, बांधापलीकडं राहत होता. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

मी म्हटलं, "भावजी राहिले की."

"मला भाऊ न्हाई. वाच."

मी माईकपुढं वाचलं, ते रेकॉर्ड झालं. मला गंमत वाटत होती, खोटं कशाला सांगू. कॉम्प्युटरवरच्या बाईंनी विचारलं, पुसून टाकू का? मी म्हटलं, राहू द्या, कधी ना कधी लागणारच आहे, आणि त्या दिवशी मला घरी कामं असतील. महिन्याभरानं त्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं निधनवार्तांच्या कप्प्यात जे सापडलं ते लावलं. त्यात जिवंत माणूस असेल, हे त्याला कसं कळावं?

पहिला आला शेजारी, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. मालकांना चहा पिताना पाहून त्यानं टोपी परत घातली आणि कांदा निवडायचा सोडून आलो, असं ऐकवून गेला. जामखेडची लेक फोनवर एवढी रडत होती, की तिला मालकांचाच आवाज ऐकवला तरी पटेना. त्यांनी शिवी दिली तेव्हा पटलं.

मग बांधावरून दीर आले. अनवाणी, डोळे लाल, खांद्यावर दोन हिरवे बांबू. भाऊ गेल्याचं ऐकून तिरडीची तयारी करूनच निघाले होते. अंगणात येऊन जागच्या जागी थांबले. मालकांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, बांबूंकडं पाहिलं.

"कुठनं तोडलं?"

"तुझ्याच बेटातनं."

"न इचारता?"

"इचारायचं कुनाला? मेल्ता न्हवं तू."

नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. मला हसू येत होतं, दिरांना येत नव्हतं. त्यांनी बांबू खाली टाकले आणि माझ्याकडं वळले. म्हणाले, वहिनी, हा खरंच गेला असता तर मी खांदा दिला असता आणि सगळं सोडून दिलं असतं. पण याला भाऊच नाही, हे अख्ख्या परिसरानं ऐकलं. रविवारी त्यांच्या नातीला बघायला पाहुणे येणार होते. थोरल्या भावानं रेडिओवरून तोडलेल्या घरात कोण पाहुणा बसेल?

तेवढ्यात स्टेशनवरच्या माणसाचा फोन आला. त्याची पाचावर धारण बसली होती. मी त्याला फोन माईकपाशी धरायला सांगितलं आणि आमच्याकडचा मालकांपुढं केला. ते मान फिरवून बसले.

मी म्हटलं, "तुमी बोलत न्हाई तर मी बोलते. पन मग दुरुस्ती सगळीच करीन. अकरा म्हैन्यांची बी, टाळाची बी."

त्यांनी फोन घेतला.

"मी हाय. गेलो न्हाई," ते म्हणाले आणि थांबले. इतका वेळ थांबले, की ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, आता गेले. "आन मला धाकटा भाऊ हाय. त्यो वार्तेत राहिला, ती चूक माझी." मग लगेच, "बांबू बी माझंच हायती."

रविवारी पाहुणे आले. मालक फेटा बांधून दिरांच्या ओसरीवर बसले आणि पाहुण्यांना सोसायटीचं सगळं सांगितलं, न विचारता. तरीही नातीचं जमलं. पाण्याची पाळी अजून भांडूनच ठरते, पण आता समोरासमोर भांडतात.

स्टेशन त्यानंतर चार वर्षं चाललं. पुढं लोक निधनवार्ता मोबाईलच्या ग्रुपवर टाकायला लागले, तिथं कुणालाही कितीही लांब लिहिता येतं. माईक कुठं गेला माहीत नाही. त्या दोन खोल्यांत आता खताची पोती आहेत. मालक, दीर आणि मी, तिघंही आहोत.