दोन साक्षीदारांचा पक्षी

पोस्टमास्तरांनी पस्तीस वर्षांत सहीशिवाय एकही रजिस्टर पत्र कुणाच्या हाती दिलं नव्हतं. निवृत्तीनंतर गावातल्या पक्षीनिरीक्षकांच्या मंडळाची नोंदवही त्यांच्याकडे आली आणि तिथेही त्यांनी तोच खाक्या चालवला. दोघांनी पाहिलेला पक्षीच वहीत चढणार. एकट्याला दिसलेला पक्षी त्यांच्या लेखी अंड्यातूनच निघालेला नसे.

या नियमाचा पहिला बळी मंडळातलाच, गावात चष्म्याचं दुकान चालवणारा चष्मेवाला. गेल्या वसंतात त्याला खाडीच्या तोंडाशी कालवफोड्या दिसला, या किनाऱ्यावर सहसा न फिरकणारा. तो धापा टाकत मास्तरांच्या घरी आला.

"साक्षीदार?" मास्तरांनी विचारलं.

नव्हता. अख्ख्या गावाला दृष्टी देणाऱ्या माणसाच्या नोंदीवर मास्तरांनी लाल रेघ मारली. तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतंच. मास्तरांना ते टोचत होतं, पण नियम म्हणजे नियम.

मंडळाच्या यंदाच्या पक्षी पाहण्याच्या फेरीला नेमके हे दोघंच उगवले. बाकीच्यांना सर्दी झाली होती. मास्तरांच्या नावावर दोनशे नव्व्याण्णव पक्षी जमले होते आणि गुडघ्यांनी पुढच्या वर्षाची हमी दिली नव्हती. जे काय व्हायचं ते आजच.

दुपारपर्यंत बगळे, टिटव्या आणि एक बेवारस चप्पल एवढंच दिसलं. मग ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर तो उतरला. काळा-पांढरा, लालभडक चोच.

"अहो, बघा! कालवफोड्या!"

चष्मेवाला नेमका काच पुसत होता. लोकांचे चष्मे दुरुस्त करता करता स्वतःच्या चष्म्याची काडी सैलच राहिली होती. ती कानावर बसेपर्यंत खडक रिकामा झाला.

मास्तर मटकन वाळूत बसले. तीनशेवा पक्षी गेला, तोही आपल्याच नियमाने. करावे तसे भरावे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"लिहा," चष्मेवाला म्हणाला. "मी पाहिला."

"तुम्ही कुठे पाहिलात?"

"लाल चोच, गुलाबी पाय. बरोबर ना? पाहिलाय मी. आज की गेल्या वर्षी, ते आता कशाला उकरता?"

मास्तरांनी बराच वेळ पेन उघडं धरलं. मग गेल्या वसंताचं पान काढलं, लाल रेघेखाली चष्मेवाल्याची नोंद पुन्हा लिहिली आणि साक्षीदार म्हणून स्वतःची सही ठोकली.

"मास्तर, त्या दिवशी तर तुम्ही तापाने फणफणत घरी पडला होतात!"

"खिडकीतून दिसला," मास्तर म्हणाले आणि आजचं पान उघडून त्यांनी पेन त्याच्या हातात दिलं.