रघुवीर टिपणीस मरत नाही

आमचा शेजारी रघुवीर टिपणीस लंडनच्या हॅरोत जन्मला, हॅरोतच वाढला आणि इंग्रजी टीव्हीवर वीस वर्षं दुकानदार म्हणून जगला. ड्रामा स्कूलमधून बाहेर पडला तेव्हा त्याला राजे आणि खुनी करायचे होते. वाट्याला आले मिस्टर पटेल, फार तर मिस्टर शाह. सात वेळा त्याच्या दुकानावर दरोडा पडला, त्यात तीनदा तो दगावला. खऱ्या आयुष्यात या माणसाला दुधाचा भाव माहीत नव्हता; घरातलं सामान त्याची बायको निवेदिता आणायची.

२००३मध्ये एका मोठ्या मालिकेत त्याला कायमची भूमिका मिळाली. दुकानदाराचीच. आठवड्यातून तीनदा दिसू लागल्यावर इलिंग रोडच्या देशी बाजारात लोक त्याला ओळखायला लागले. एका काकूंनी भर भाजीच्या दुकानात त्याला झापलं, "काल त्या गोऱ्या म्हातारीला शिळा ब्रेड कशाला विकलात हो?"

पुढच्याच वर्षी निर्मातीने बोलावून घेतलं. तिला 'रघुवीर' म्हणता येत नसे. "रॅगी, डार्लिंग, दुकानाचं छप्पर कोसळून तू जातोयस. फार सुंदर मरण लिहिलंय."

घरी येऊन त्याने आईला, सुप्रभाबाईंना, सांगितलं, "आई, मी परत मरतोय."

"या वेळी कशाने?"

"छप्पर."

"चाकूपेक्षा बरं. शर्ट खराब होत नाही."

शूटिंगच्या दिवशी त्याला थर्माकोलच्या विटांखाली पुरलं. फक्त एक हात बाहेर. चार टेक तो आदर्श मढ्यासारखा पडून राहिला. पाचव्या टेकला करंगळी हलली. अगदी थोडी. सेटवर कुणाच्याच ध्यानात आलं नाही आणि नेमका तोच टेक दाखवला गेला.

दुसऱ्या दिवशी चॅनेलचे फोन थांबेनात. 'तो जिवंत आहे, त्याला बाहेर काढा!' एका पेपरने करंगळीचा फोटो बाण काढून छापला. निवेदिता ज्या शाळेत शिकवायची, तिथल्या स्टाफरूमने सह्यांचं निवेदन पाठवलं. पहिली सही अर्थातच तिची.

निर्माती लालबुंद झाली होती. "तू हललास?"

"खाज आली होती."

"मेलेल्या माणसाला खाज येते?"

"मग मेला नसेल," रघुवीर म्हणाला.

मला मात्र त्याने खरं सांगितलं. "मुद्दाम नव्हतं रे. वीस वर्षं निमूट मरत आलो, या खेपेला करंगळीने ऐकलं नाही."

शेवटी त्याला जिवंत ठेवावं लागलं. पण निर्मातीने सूड उगवला, त्याला कोमात टाकलं. पाच महिने रघुवीर रोज सेटवर जायचा, मेकअप करायचा आणि आडवा व्हायचा. एकदा मालिकेतली बायको उशाशी बसून हंबरडा फोडत असताना तो चक्क घोरला. तिला हसू आवरेना. तोंड झाकून ती गदगदत राहिली. दिग्दर्शकाला ते रडणं इतकं खरं वाटलं की घोरणं पुसून सीन तसाच ठेवला.

मालिकेची लेखिका दुपारी त्याच्या पलंगावर बसून सँडविच खायची. तिला तो डोळे मिटूनच म्हणाला, "शुद्धीवर आल्यावर मला दुकान आठवायलाच नको." तिने चावायचं थांबवलं आणि वही काढली.

ऑक्टोबरात त्याने डोळे उघडले. मालिकेतली बायको म्हणाली, "दुकान मी सांभाळलंय." तो तिच्याकडे बघत म्हणाला, "कसलं दुकान?"

टेक संपल्यावर रघुवीर मेकअप रूममध्ये जाऊन दहा मिनिटं रडला. घरी निवेदिताने डोळे का सुजलेत विचारलं, तर मेकअपच्या गोंदाचं नाव पुढे केलं.

त्यानंतरची पाच वर्षं त्याची. मालिकेत तो ड्रायव्हिंग शिकवू लागला, घटस्फोट घेतला, चर्चच्या गायकवृंदात बेसूर गायला आणि २००७च्या नाताळात त्याने लायब्ररीतल्या बाईचं चुंबन घेतलं. तेही लांबलचक. दुसऱ्या दिवशी सकाळीच वेम्बलीहून सुप्रभाबाईंना नणंदेचा फोन आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"वहिनी, रघूने काय केलं ते पाहिलंत ना?"

"पाहिलं की," सुप्रभाबाई म्हणाल्या. "मान चुकीच्या बाजूला वळवली. मी सांगितलंय त्याला."