पांढऱ्या मातीचं छत

लोह्यात नातीचं घर बांधणं चालू आहे. सिमेंट थोडंच, भिंती दाबलेल्या मातीच्या विटांच्या. काल मजुरांनी पांढरी माती भिजवली आणि त्या वासानं मला आमचं जुनं माळवद आठवलं.

दगडी भिंतींवर लाकडं आणि लाकडांवर पांढरी माती, असं ते छत होतं. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात मी आणि माझी जाऊ वर नवा थर टाकायचो. जुना कधी काढला नाही. एका पहाटे भूकंप झाला आणि ते सगळं जावेवर पडलं.

उजाडल्यावरही मी हातांनी माती उकरत होते. खालून ती म्हणाली, "अक्का, जल्दी कर. लई वझं हाय."

"काढायलेय. बोलू नको."

"तुझंच ऐकून औंदा दोन थर टाकले."

जेवढी माती काढावी तेवढी वरून घसरायची. माझी नखं निघाली. मग मी हाका मारत राहिले, पण उत्तर आलं नाही.

"आजी, छत हलकं ठेवलंय. गळलं तर?" नातीनं विचारलं.

"खाली बादली ठेव," मी म्हणाले. "वर माती टाकू नको."